लखीरामच्या बुटातला कागद

मेलबर्न, ३ जून २०२४

ति. रामकिसनकाकांस ज्योत्स्नाचा सा. न. वि. वि.

घरातलं आणि जमिनीचं फोनवर बोलायचं नाही हा तुमचा नियम, म्हणून पत्र.

माझ्या वॉर्डात अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एक पेशंट बाई आहेत. मी आसेगावची हे कळल्यावर त्यांनी माझा हातच धरला. त्यांचे आजोबा लखीराम, राहणार आसेगाव, वऱ्हाड. म्हणजे तुमच्या पणजोबांचे, जगदेवबाबांचे, घर सोडून गेलेले थोरले भाऊ.

ते इथे फेरीवर कापड विकत आणि शनिवारी फुटबॉल खेळत. इथला फुटबॉल वेगळा. चेंडू लांबट, हात-पाय दोन्ही चालतात, दुसऱ्याच्या खांद्यावर चढून झेल घेतला की लोक टाळ्या वाजवतात. खेळ तेव्हा नवा होता. पहिल्या वर्षी पेपरांनी त्यांची टवाळी केली, तिसऱ्या वर्षी त्यांचे झेल मोजायला लागले. सहा हंगाम खेळले. १८९४च्या ऑगस्टमध्ये, तीन सामने बाकी असताना, थांबले. दुखापत नव्हती. पुन्हा मैदानाकडे फिरकले नाहीत.

नातीला, म्हणजे या बाईंना, कारण हवं आहे. त्यांच्या खेळायच्या बुटात घडी केलेला मोडी लिपीतला कागद सापडला. पाठवू का?

काकूंना नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.

ज्योत्स्ना


आसेगाव, २४ जून २०२४

चि. ज्योत्स्नास रामकिसनचे अनेक आशीर्वाद.

कागद पाठवू नको. एवढ्या वर्षांनी ही बाई कायले उठली, असं तुझ्या गोमतीकाकूने विचारलं. मलेही तेच वाटते.

लखीराम वारले. बारा वर्षं पत्ता लागला नाही, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. दहावा, तेरावा, सगळं झालं. तेव्हा शेत एका नावावर आलं. मेलेला माणूस झेल कसा घेईल? आणि खांद्यावर पाय देऊन वर जाणारे आपल्या घराण्यात पुष्कळ झाले. टाळ्या कोणाले मिळाल्या नाहीत.

त्या बाईने तुले काय खाऊ घातलं? कशावर सही घेतली? आपला पत्ता दिला का? तीनही उत्तरं लगेच कळव.

सोयाबीन पेरून झालं. तब्येत सांभाळ, आम्हाले विसरू नको.

रामकिसन


मेलबर्न, १५ जुलै २०२४

ति. काकांस सा. न. वि. वि.

एक बिस्कीट खाल्लं. सही केली नाही. पत्ता दिला नाही.

पण तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला तुमचाच संशय यायला लागला. पुतळा कोणत्या साली जाळला, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

कागदाची झेरॉक्स न विचारता पाठवते आहे. रागवा. बाई आता फार बोलत नाहीत.

राग उतरला की पूर्वीसारखंच असू द्यावं.

ज्योत्स्ना


आसेगाव, १८ ऑगस्ट २०२४

चि. ज्योत्स्नास आशीर्वाद.

झेरॉक्स आठ दिवस पोथीत दाबून ठेवली. मग कात्रीने मधून कापली. पूर्ण कागद एकाच माणसाने वाचू नये, म्हणून. वरचा तुकडा शिरपूरच्या गुलाबसिंग गुरुजींकडे नेला, खालचा मंगरूळपीरच्या शफीकभाईंकडे. दोघेही जुने दस्त वाचतात. शफीकभाई दोन ओळी वाचून हसले आणि ‘चाचा आधा मुर्दा घेऊन आले’ म्हणाले. मग हसले नाहीत.

पत्र जगदेवबाबांचं. वर लिहिलं आहे की फोटो पोचला, चड्डी गुडघ्यावर आहे पण मिशी बापाचीच, आई फोटो उशाशी घेऊन निजते. खाली लिहिलं आहे की ज्येष्ठ वद्य दशमीला तुझा पुतळा जाळला. शेत माझ्या नावावर झालं. फोटो मरणाआधीचा आहे असं आईला सांगितलं. आता येऊ नको, जळालेला माणूस दारात दिसला तर गाव भिईल. साल १८९४.

तुले साल लिहिलं नाही, कारण मले ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नाही.

गोमतीने दोन्ही तुकडे खळीने चिकटवले.

बाईला सगळं सांग. उशाचं आधी सांग. आम्ही दर पितृपक्षात लखीरामना दशमीचं पान वाढत आलो. त्या दशमीला ते खेळत होते. खरे कधी गेले ते बाईला विचार. इंग्रजी तारीख चालेल, तिथी मी पंचांगातून काढतो. पितृपक्ष महिन्यावर आला आहे, तेव्हा उत्तर पोस्टाने नको, फोन कर.

आशीर्वाद आहेतच.

रामकिसन

ता. क. बाईने मागो न मागो, आपला पत्ता तिला दे. पिनकोडसकट.