गोळ्या बंद ना, ताई?

माय, तू गेल्यावर माझ्या आजारातलं मला जे उमगलं, ते तुला सांगायचं राहून गेलंय. नवरा गेला, मग तपासणीत मलाही एचआयव्ही निघाला, आणि माजलगावकडची ऊसतोड अर्धी टाकून मी लेकीला घेऊन तुझ्याकडे, बीडकडच्या शिरूरला आले. भावजयीनं माझं ताट वेगळं काढलं. दुसऱ्या दिवशी तू मला बीडच्या दवाखान्यात घेऊन गेलीस आणि डॉक्टरीणबाईंना सरळच विचारलंस, "हिच्या ताटात जेवलं तर मला व्हतंय का?" त्या म्हणाल्या, "नाही होत, आजी." घरी येताच तू ओसरीवर बसतेस, सगळ्यांदेखत माझ्याच ताटातला घास मोडून खातेस आणि भावजयीला म्हणतेस, "डाक्तरनीला इचारून आलेय. तुला काय इचारायचं आसंल तर तूबी जा."

तू गेल्यानंतर एकदा माझा रिपोर्ट आला. विषाणू आढळला नाही, असं त्यावर होतं. मला वाटलं, सुटले! दवाखान्यात समजावून सांगणाऱ्या ताई आहेत, त्यांचा निरोप घ्यायला हसत हसत गेले. "आता गोळ्या बंद ना, ताई?" त्यांनी मला हाताला धरून बसवलं. म्हणाल्या, "आजार गेलेला नाही. गोळ्यांनी तो इतका दबलाय, की तपासणीत दिसत नाही. गोळ्या सोडल्यास तर पुन्हा उसळेल." माझं तोंड उतरलं. "मंग मी बरी व्हनारच न्हाई?" "गोळी रोज घे, म्हातारी होशील," त्या म्हणाल्या. माय, मला रडू आलं ते आनंदानं. म्हातारपणाचं तोवर कुणी बोललंच नव्हतं माझ्याशी.

आता कानावरचे केस पिकलेत. लेक मेंदी लाव म्हणते, मी लावत नाही. गोळ्या आणायला जाते तेव्हा नव्यानं आलेल्या बायका कोपऱ्यात गप्प बसलेल्या असतात. त्यांच्याजवळ सरकते, 'आढळला नाही' म्हणजे काय ते सांगते. त्या पुन्हा विचारतात, मी पुन्हा सांगते. बरं वाटतं.

हे कुठं धाडायचं नाहीच. तू असतीस तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. फक्त एक सांगते. एवढं सगळ्यांना समजावते, पण माझा स्वतःचा रिपोर्ट आला की अजून तो न बघताच ताईंपुढे धरते. "तुमीच वाचा," म्हणते, आणि त्या हसेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहते.