ज्येष्ठेचा सांगाडा

२६ ऑगस्ट २०२५
प्रदर्शनासाठी निवड झाली! सेहेचाळिसाव्या वर्षी, पहिलंच शिल्प. सोमवारी संध्याकाळपर्यंत हॉलवर पोचवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

कूलरची गंजकी चौकट, वाळ्याच्या जुन्या ताट्या, कामठीच्या मागावरचं उरलेलं सूत, पोटाशी कुकरचं भांडं. उभी बाई आहे. बाई म्हणावं असं त्यात काही नाही — फक्त एका बाजूला कललेलं वजन, कडेवर मूल असल्यासारखं. मधुसूदनने जवळून पाहिलं आणि विचारलं, यंदा कूलर लवकर काढला का? नवरा आहे. चालायचंच.

२८ ऑगस्ट
सकाळी शिल्पावर मधुसूदनचा टॉवेल. काढला. दुपारी सासूबाईंचं पोलकं! म्हटलं, आई, ही बाई आहे. त्यांनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं.
"मंग काय झालं वं? बाईच्या अंगावर बाईचंच पोलकं हाय."

३१ ऑगस्ट
महालक्ष्म्या बसल्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. मी इतवारीच्या बाजारात केळीची पानं आणायला गेले, तेवढ्यात ज्येष्ठेचा लोखंडी सांगाडा पायाशी मोडला म्हणे. परत येते तर माझी बाई हिरव्या नऊवारीत! नथ, पाटल्या, आणि मी डोकं न करता मान जिथे सोडून दिली होती तिथे पितळी मुखवटा. नेमका बसलाय — हे लिहितानाही राग येतो. आवाहन होऊन गेलेलं. मी पुढे झाले तर सासूबाई आडव्या आल्या.
"हात नको लावू. हलवली म्हणजे विसर्जन झालं."
विसर्जन मंगळवारी. म्हणजे गेली माझी जागा. देवाच्या कामी आलं ना, असं मधुसूदन म्हणाला. त्याच्याशी बोलत नाहीये.

१ सप्टेंबर
प्रदर्शनाच्या प्रेमानंदांना फोन करून काय सांगणार? शिल्प देव्हाऱ्यात आहे? सांगितलं, महालक्ष्मीच्या जेवणाला या, तिथेच बोलू. आले. वाकून नमस्कार केला, आंबील दोनदा घेतली, मग हात पुसत विचारलं, शिल्प कुठे आहे?
"आत्ताच पाया पडलात."
साडी बाजूला करायची हिंमत दोघांचीही नव्हती. त्यांनी बाजूला जाऊन पाहिलं. तोल चांगला आहे म्हणाले. बुधवारी सकाळपर्यंत मुदत, त्यापुढे नाही.

ते गेल्यावर मीही पाहिलं. सासूबाई दरवर्षी कमरेला चिंध्या भरून, निऱ्या चिमटून लोखंडाची बाई करतात. यंदा ती कललेली बाजूही चिंध्यांनी सरळ करता आली असती. केली नव्हती. उलट पदर त्याच बाजूने घेतला होता.

२ सप्टेंबर
विसर्जन. साडी उतरली. उघडी बघवेना मला — माझीच असून.

३ सप्टेंबर
टेम्पो दारात. सासूबाईंनी तिची ओटी भरली, नारळ-तांदूळ कुकरच्या भांड्यात. मग माझ्याकडे वळल्या.
"पुढल्या साली कनिष्ठाबी तूच कर. तोंड नको करत बसू. तोंडं घरी हायत."