शनिवारी पश्चिमेच्या तंबूत मुले बसवू नयेत

प्रति,
मा. श्री. कुशल दळवी साहेब,
मैदान व सुरक्षा अधिकारी,
सात सिद्र क्रीडा संकुल, शारजा.

अर्जदार : सोमनाथ रामा धावडे, मैदान-राखणदार
लिहिणार : राजन घवाळी, अर्जदाराच्याच खोलीत राहणारा, टायपिंग सेंटरवर नोकरीस

विषय : मुख्य मैदानाच्या पश्चिम कडेची जमीन आतून पोकळ झाल्याने शनिवारचा तंबू तिथून हलवण्याबाबत, तसेच मैदानाच्या रेषा अर्जदाराने परस्पर सरकवल्याच्या कबुलीबाबत.

संदर्भ : १) सुपरवायझर हम्माद यांच्याकडे दोनदा केलेली तोंडी तक्रार. २) आपली काल, बुधवारची मैदानभेट.

महोदय,

इंग्रजी अर्जांचा आपल्या टेबलावर ढीग असतो आणि आपण मराठी आहात, म्हणून हा मराठीत. अर्जदार बोलला तसे लिहिले आहे. त्याला ऑफिसच्या भाषेची टोपी घालण्याचा खटाटोप माझा. ती तिरकी बसली तर दोष लिहिणाऱ्याचा.

१. अर्जदार आपल्या मैदानावर नऊ वर्षे गवत राखतो. त्याआधी तो रत्नागिरीकडे बापाबरोबर जांभ्यात विहिरी खोदत असे. त्या धंद्याची एक रीत आहे. संशयाच्या जमिनीवर पाय टाकण्याआधी पहार ठोकायची आणि तिच्या दांड्याला कान लावायचा. भरीव जमीन एकदा वाजते आणि गप्प होते. पोकळ जमीन थोडा वेळ वाजत राहते. अर्जदाराला लिहिता-वाचता बेताचेच येते, पण हे येते.

२. सध्या आपल्याकडे आयर्लंडच्या एका प्रांताचा रग्बी संघ सरावाला आला आहे. त्यांच्याच देशातला दुसरा प्रांत दुबईत समुद्रकाठच्या हॉटेलात उतरला आहे, आणि हे दुबईतल्याच स्वस्त इंटरनॅशनल सिटीत एकेका फ्लॅटमध्ये सात-सातजण. जर्सी स्वतः धुतात, बाल्कनीत वाळत घालतात, भाड्याच्या मिनीबसमधून गुडघे पोटाशी घेऊन येतात. त्यांचा कर्णधार डेक्लन हा दाराच्या चौकटीएवढा माणूस, पण पहिल्याच दिवशी अर्जदाराच्या हातून रोलर काढून घेऊन स्वतः ओढू लागला. तेव्हापासून तो अर्जदाराच्या डब्यातली डाळ खातो आणि अर्जदार त्याच्या हातचा काळा कडू चहा पितो. "राजन, ही आपल्यासारखीच बेडस्पेसवाली माणसं, खोलीत एकेक खाट भाड्यानं घेणारी," असे अर्जदार म्हणतो. त्यांचे बोर्ड या प्रांताचा संघच बंद करायच्या विचारात आहे. शनिवारचा सामना बघायला बोर्डाची माणसे येणार आहेत आणि त्यावर यांचे ठरणार आहे. हे मुद्दाम लिहिले, कारण पुढचा गाढवपणा त्यातून झाला.

३. तीन आठवड्यांपूर्वी अर्जदाराच्या लक्षात आले की पश्चिमेकडच्या तुकड्याला कितीही पाणी सोडले तरी वर टिपूस राहत नाही, आणि गवत मात्र सगळ्या मैदानात तिथेच हिरवेगार. पाणी मुरतंय ही म्हण झाली. इथे ते खरोखर मुरत होते. खालची जुनी पाइप फुटली असावी आणि वाळू वाहून जात असावी. हम्माद यांना सांगितले. त्यांनी वाळू टाकायला लावली. अकरा ढकलगाड्या टाकल्या, दुसऱ्या सकाळी जमीन पुन्हा वीतभर खाली. परत सांगितले. "खलास, सोमनाथ भाई, ऊपर घास दिखनी चाहिए, इन्शाल्ला कुछ नहीं होगा," असे ते म्हणाले. हम्माद माणूस वाईट नाही. त्यांच्या डोक्यावर शनिवार बसला आहे, एवढेच.

४. मग अर्जदाराने पहार ठोकली. ती हातातून सुटून मुठीपर्यंत आत गेली. कान लावला तर जमीन वाजत राहिली. त्याने दर हाताला एक गाठ मारलेला दोर, वजनाला लोखंडी नट बांधून, भोकात सोडला. नऊ गाठी आत गेल्या, शेवटच्या दोन ओल्या आल्या. आजूबाजूला टाच आपटत फिरून पाहिले. बारा पावलांचा गोल पोकळ निघाला. आणि हा गोल बरोबर तिथे, जिथे हे लोक आठ-आठजण मुंड्या खाली घालून एकमेकांना रेटतात. सोळा बैलांएवढी माणसे एका खळ्यावर.

५. डेक्लनला भाषा लागली नाही. त्याचे गाव दलदलीतले. त्याने येऊन तिथे एकदाच टाच आपटली, अर्जदाराकडे पाहिले आणि हळूच मागे सरला. हम्माद यांच्या पोराने मोबाइलवर अर्थ काढून दिला तो असा, की आमच्याकडे असल्या जमिनीवर गाय सोडत नाहीत. महोदय, त्या क्षणी दोघांनी आपल्याकडे यायला हवे होते. पण मैदान बंद झाले असते, सामना गेला असता आणि त्या पोरांचा प्रांत गेला असता. म्हणून सोमवारी पहाटे दोघांनी दोरी धरून मैदानाच्या सगळ्या रेषा आणि दोन्हीकडचे खांब सतरा पावले पूर्वेला सरकवले. पोकळी रेषेबाहेर पडली. अर्जदाराला वाटले, सुटलो. त्याने त्या दिवशी खोलीत सगळ्यांसाठी शिरा केला. आम्ही खाल्ला. कशाचा ते कोणी विचारले नाही.

६. मंगळवारी हम्माद यांना पश्चिमेला एवढी हिरवी, सपाट, मोकळी जागा दिसली आणि ते खूश झाले. त्यांनी शाळेच्या मुलांचा तंबू तिथे ठोकायला सांगितला. नव्वद मुले, खुर्च्या, कूलर, मागे पाण्याचा टँकर. सोळा माणसांखालून काढलेला खड्डा अर्जदाराने आपल्या हाताने नव्वद मुलांखाली नेऊन ठेवला. हे वाक्य त्याने मला दोनदा लिहायला लावले. एकदा खोडले आहे. हम्माद यांना तो सांगायला गेला, तर आधी रेषा कोणी हलवल्या हा प्रश्न आला आणि तो न सांगताच परत फिरला.

७. काल आपण सहकुटुंब आलात. आपली कन्या सान्वी बूट काढून त्याच गवतावर उड्या मारत होती. ती आपल्याला ओरडून म्हणाली, "डॅडी, कम सी, इट्स सो बाउन्सी!" आपण हसून म्हणालात की नवी लॉन आहे. अर्जदार वीस पावलांवर पाइप धरून उभा होता. त्याला तो शब्द कळला नाही, पण मुलीचे पाय जमिनीला लागताना आवाज किती वेळ राहतो, ते त्याने ऐकले. खोलीवर येऊन त्याने मला शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला. तो जेवला नाही. मग म्हणाला, कागद घे.

८. तरी अर्जदाराची विनंती अशी. तंबू आजच्या आज पूर्वेच्या बाजूला न्यावा. टँकर मैदानाजवळही आणू नये. मशीन आणून जमीन तपासावी. सामना ठेवायचा की नाही ते आपण ठरवावे, पण त्या पोरांना दोष लागू नये. रेषा सरकवण्याची अक्कल अर्जदाराची होती, डेक्लनने फक्त दोरी धरली. शिक्षा म्हणून व्हिसा रद्द झाला तरी अर्जदाराची तक्रार नाही. हे मला लिहायला लावू नकोस, असे मी म्हणालो होतो. त्याने ऐकले नाही.

९. शेवटची एक गोष्ट. विहिरीत माणूस असेपर्यंत काठ सोडायचा नाही, घरचे कोणीतरी तिथे बसून राहायचे, अशी त्याच्या बापाची शिस्त. त्यानुसार अर्जदार उद्या सकाळपासून त्या गोलाच्या मध्यावर खुर्ची टाकून बसेल, म्हणजे तिथे तंबूचा खांब रोवता येणार नाही. त्याचे वजन एकावन्न किलो आहे. तेवढे ती जमीन अजून धरते, असे तो म्हणतो.

मैदान नीट राखता न आलेला, पण राखू पाहणारा,
सोमनाथ रामा धावडे
(सही अर्जदाराची, अक्षर राजनचे)
शारजा, गुरुवार, दि. १६ जानेवारी २०२५

सोबत :
१) मैदानाच्या जुन्या व नव्या रेषांचा हाताने काढलेला नकाशा.
२) वीस गाठींचा दोर.
३) शनिवारी तंबूत बसणाऱ्या मुलांच्या यादीची प्रत. खेळाडूंचा हात धरून मैदानात उतरणाऱ्यांत तिसरे नाव सान्वी कुशल दळवी.

ता. क. : आज शुक्रवार. आपले शारजाचे ऑफिस बंद, म्हणून पहिली बस धरून अबुधाबीत आपल्या घरी, अल रीम आयलंडला आलो आहे आणि हा अर्ज आपल्या बिल्डिंगच्या सिक्युरिटीकडे देऊन खालीच थांबलो आहे. आपला फोन बंद लागतो. निघण्याआधी सोमनाथने पुन्हा दोर सोडला. वीसच्या वीस गाठी आत गेल्या आणि नट तळाला टेकला नाही. तरी तो खुर्ची घेऊन जाऊन बसला. तंबूवाले आठ वाजता यायचे आहेत. हम्माद यांच्या सांगण्यावरून तो उठणार नाही, माझ्याही नाही. आपणच यावे लागेल. येताना गाडी कुंपणाबाहेर ठेवावी आणि त्याला हाक लांबूनच मारावी.

— राजन