डाव्या खांद्याची रायफल

ओटर लेक, अप्पर मिशिगन
६ सप्टेंबर १९८७

चि. आर्वो यास,
हिल्माताईचे भरभरून आशीर्वाद. वि. वि. छप्पन्न वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहिताना हसू येतं, पण तू धाकटा तो धाकटाच.

इथलं बरं आहे. बटाटे काढून झाले. अस्वल रोज सकाळी सफरचंदांवर हात मारून जातं, आणि फांद्या मोडतं ते वेगळंच. फेब्रुवारीत वाफेच्या न्हाणीच्या, सौनाच्या पायरीवर घसरले तेव्हाचा उजवा खांदा आता दुखत नाही, पण डॉक्टरांनी बजावलंय, की हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि त्या खांद्यावर बंदुकीचा धक्का तर पुन्हा कधीच घ्यायचा नाही. म्हणून उन्हाळाभर डाव्या खांद्यावरून नेम धरायला शिकले. नेम बसतो. अडतं पुढे. उर्होची जुनी थर्टी-ऑट-सिक्स मापाची रायफल बोल्टची. प्रत्येक गोळीनंतर उजव्या हाताने बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात, आणि हरीण काय तोवर थांबणार आहे?

तेव्हा मी सेमी-ऑटोमॅटिक घ्यायचं ठरवलंय. एक गोळी सुटली की पुढची आपसूक नळीत येते, हाताला काम नाही, शिवाय धक्काही कमी, असं ऐकते. मला एकच रायफल हवी, हरणाला चालेल आणि वेळ आली तर अस्वलालाही पुरेल अशी. कोणती घ्यावी आणि कोणत्या मापाची, ते तू सांग. इतकी वर्षं बंदुका दुरुस्त केल्यास, बहिणीसाठी एवढं कर.

उर्हो गेल्याला तीन वर्षं झाली. पंधरा नोव्हेंबरला हरणांचा मोसम सुरू होतो. त्या दिवशी मी माझ्या मचाणावर बसले नाही, तर नवऱ्यामागे या घरात एकटी कशासाठी राहते असं लोक विचारतील, आणि मीही.

माया आहेच, ती सामुद्रधुनीवरच्या पुलाच्या त्या बाजूला, तुझ्याकडेही पोचू दे.
तुझी,
हिल्मा


सॅगिनॉ
१४ सप्टेंबर १९८७

ती. हिल्माताईस,
आर्वोचा वाकून नमस्कार. वि. वि. पत्र पोचलं. खांद्याची हकीकत वाचून वाईट वाटलं. पायरीवर राख टाकायला मी दर हिवाळ्यात सांगायचो.

रायफलीबद्दल स्पष्ट लिहितो. सेमी-ऑटोमॅटिक घेऊ नकोस. तुमच्याकडच्या थंडीत तेल घट्ट होतं आणि ऐन वेळी काडतूस अडकतं. आत दारूची काजळी साचते, ती साफ करायची तर सगळं उघडावं लागतं. वजन जास्त. नेमही बोल्टच्या रायफलीइतका एकसारखा पडत नाही. तुला डाव्या हाताची बोल्टची रायफल मिळेल, टू-फोर्टी-थ्रीच्या मापात, धक्का अगदी नावाला. अस्वलाचं म्हणशील तर पातेलं बडव, जाईल पळून.

आणि मी तर म्हणतो, या वर्षी बसूच नकोस. इथे माझ्या ओळखीचा एकजण दरवर्षी दोन हरणं मारतो. अर्धं मांस तुला धाडतो, बर्फात घालून. एकसष्टाव्या वर्षी पहाटेच्या थंडीत मचाणावर कुडकुडत बसण्याचं काही कौतुक नाही.

माझे हात जरा थरथरतात, बाकी ठीक.
तुझ्या मायेतला,
आर्वो


ओटर लेक
२१ सप्टेंबर १९८७

चि. आर्वो यास आशीर्वाद. वि. वि.
दुसऱ्याने मारलेल्या हरणाचं मांस तू मला बर्फातून पाठवणार. वाचून मी कॉफी खाली ठेवली, नाहीतर सांडली असती.

मी काय केलं सांगते. गावातल्या दुकानात गेले. तिथला विक्रेता मला बघताच म्हणाला, काकू, तुमच्यासाठी टू-फोर्टी-थ्रीच, हलकीफुलकी. मी विचारलं, की तसल्या रायफलीने तू अस्वलावर कधी गोळी झाडली आहेस का? तर म्हणाला, त्याने अस्वल फक्त डब्यावर छापलेलं पाहिलंय. मग मागे उभे असलेले दोन म्हातारे पुढे आले आणि तासभर माझी शिकवणी झाली. तेल पातळ वापरलं आणि तेही बेताने, तर थंडीत अडकत नाही. काजळीचं म्हणशील, तर उर्होच्या शिकारीच्या कॅम्पात सोळा माणसांची भांडी घासलीत मी, एक रायफल घासणं जड नाही. वजन जास्त असेल तर चांगलंच, धक्का वजनातच जिरतो आणि मचाणावर नळी टेकायला कठडा आहे. डाव्या हाताच्या बोल्टचं मी करून पाहिलं. डावा हात बोल्ट ओढायला लागला की रायफल सांभाळायची उजव्याने, आणि माझ्या उजव्याला भरला कपसुद्धा पेलत नाही.

तुझी सगळी कारणं मी अशी खोडून काढली. ती तुलाही पटलेली नव्हती, अक्षरावरून कळतं. तू खोटं लिहितोस तेव्हा अक्षर फार नीट काढतोस. खरं कारण मला माहीत आहे, पण तू ते लिही. अठरा वर्षं झाली, आपण दोघं त्याच्या कडेकडेने चालतोय.

तुझी,
हिल्मा


सॅगिनॉ
३० सप्टेंबर १९८७

ती. हिल्माताई,
तीन कागद फाडले. हा चौथा.

एकोणसत्तर साली मी नवी सेमी-ऑटोमॅटिक घेऊन कॅम्पात आलो तेव्हा सगळ्यांना दाखवत फिरलो. उर्होने हातात घेऊन परत दिली आणि म्हणाला, की हिला फार घाई आहे. दुसऱ्या दिवशी दलदलीच्या कडेने एक शिंगाळा, मोठा नर, पळत निघाला. पहिली गोळी मी नेम धरून मारली. ती चुकली. दुसरी अंदाजाने. तिसरी का मारली, ते आजवर मला सांगता येत नाही. नळीत होती, बोट चापावर होतं, म्हणून सुटली. बोल्टची रायफल असती तर मधल्या वेळात मी डोळे उघडून पाहिलं असतं. मग झाडांतून उर्होची हाक आली. ओरडला नाही तो. नुसतं माझं नाव घेतलं.

माझी गोळी लागलेली त्याची मांडी बरी झाली, पण चाल गेली ती गेली. पंधरा वर्षं तू त्याला लंगडताना पाहिलंस. मी पुलाच्या या बाजूला येऊन राहिलो आणि लोकांच्या बंदुका दुरुस्त करत बसलो. त्यानंतर एकही गोळी झाडली नाही. तसली वस्तू मी तुझ्या हातात कशी देऊ?

आर्वो


ओटर लेक
८ ऑक्टोबर १९८७

चि. आर्वो,
तुझं पत्र आलं त्या दिवशी काही केलं नाही. पीठ मळलेलं होतं, ते फुगून पातेल्याबाहेर आलं.

आता माझं ऐक. हे मी तुला तीन वर्षांपूर्वी, उर्होच्या मयतीच्या दिवशीच सांगायला हवं होतं. तू मागच्या बाकावर बसलास आणि कॉफीलाही थांबला नाहीस. आणि मी शब्द दिलेला होता.

उर्हो त्या दिवशी त्याच्या जागेवर नव्हता. टेकाडावरच्या बर्चच्या झाडापाशी बसायचं ठरलं होतं ना? त्याचे पाय गारठले, म्हणून तो उठला आणि दलदलीच्या कडेने तुझ्याकडे यायला निघाला. तुझ्या थर्मासमध्ये कॉफी होती, त्याचा संपला होता. शिट्टी झाल्याशिवाय कोणी जागा सोडायची नाही, हा नियम त्यानेच केलेला. दोन वर्षं आधी नियम मोडला म्हणून त्याने सख्ख्या चुलत्याला कॅम्पातून घरी पाठवलं होतं. चौकशीला वनखात्याचा माणूस आला, तेव्हा उर्हो तुझ्यादेखत म्हणाला, की मी जागेवरच होतो. हॉस्पिटलात मला खरं सांगितलं आणि माझ्याकडून वचन घेतलं, की मी बोलायचं नाही, तुला तो स्वतः सांगेल. पुढच्या नोव्हेंबरात सांगेन म्हणाला. तू आला नाहीस. मग त्याच्या पुढच्या. दरवर्षी तुझी खाट तो स्वतः घालायचा आणि मोसम संपला की स्वतःच उचलायचा. पत्रात लिही म्हटलं तर म्हणायचा, असली गोष्ट पत्रात लिहीत नाहीत, तोंडावर सांगतात.

तुम्हा दोघांच्या मध्ये मी वचन सांभाळत बसले. माझं चुकलं.

हिल्मा


सॅगिनॉ
३० ऑक्टोबर १९८७

ती. हिल्माताईस नमस्कार. वि. वि.
तुझं पत्र चार दिवस टेबलावर पालथं ठेवलं होतं. उर्होचा राग आला. मग तुझा. गेलेल्या माणसावर रागावून काय मिळतं, हे मला विचारू नकोस. मिळत काही नाही, तरी रागावलो. कॅम्पातली सगळी माणसं माझ्याकडे ज्या नजरेने बघायची ती मला अठरा वर्षं आठवत होती, आणि ‘मी कॉफीसाठी उठलो होतो’ एवढे चार शब्द त्याला जमले नाहीत.

पाचव्या दिवशी जरा निवलो. तो जागेवरून उठला हे खरं. मागे काय आहे ते न पाहता मी तिसरी झाडली, हेही तितकंच खरं. तुझ्या पत्राने माझं ओझं उतरलं नाही, पण आता ते दोघांत वाटलं गेलंय. एवढंही पुष्कळ झालं.

आता रायफल. तुझे म्हातारे हुशार आहेत. सेमी-ऑटोमॅटिकच घे. माप थ्री-ओ-एट. टू-फोर्टी-थ्री हरणापुरती उत्तम, पण अस्वल समोर आलं तर मला झोप लागणार नाही. थर्टी-ऑट-सिक्स थोडी जास्त जोरकस, पण तिचा तो जास्तीचा जोर तुला वापरायचा नाहीये आणि धक्का मात्र दरवेळी सोसायचा आहे. थ्री-ओ-एट या दोघींच्या मधली. हरणाला हलकी गोळी, अस्वलाला जड, रायफल तीच, आणि काडतुसं तुमच्या किराणा दुकानातसुद्धा मिळतील. तुला एकीने सगळं भागवायचंय, तर हीच.

दुकानातून घेऊ नकोस. मला इथे एक वापरलेली, चांगली मिळाली आहे. सगळी उघडून साफ केली. दस्ता पाऊण इंच कापला, मागे जाड रबर बसवलं, सेफ्टीची कळ डाव्या बोटाला लागेल अशी फिरवून घेतली. हात थरथरतात, त्यामुळे दोन दिवसांचं काम बारा दिवस चाललं. रिकामं काडतूस उजवीकडे उडतं, म्हणजे तुझ्या नाकासमोरून जाणार. चष्मा लावून बस. मॅगझीनमध्ये चार मावतात, तू दोनच भर. यावर वाद घालू नकोस.

पार्सल करणार नाही. तेरा तारखेला मीच घेऊन येतो.

आर्वो


ओटर लेक
२१ नोव्हेंबर १९८७

चि. आर्वो यास,
ताईचे आशीर्वाद, आणि थोडी खरडपट्टीही. वि. वि.

तू सुखरूप पोचलास हे फोनवर कळलं, पण फोनवर तू नेहमीसारखा हो-नाही एवढंच बोललास, म्हणून लिहिते.

मांस कापून, बांधून झालं. एकोणतीस पुड्या भरल्या. शिंगाळ्याचं काळीज मी कांद्यात परतून एकटीने खाल्लं, तू थांबला नाहीस तर तुझं नशीब. खांदा अजिबात दुखला नाही. धक्का म्हणजे कोणी दारातून आत येताना जरा घासून जावं तेवढाच. एका गोळीत काम झालं, पण ती सुटल्यावर दुसरी आत येऊन बसल्याचा आवाज ऐकला आणि मी तुझ्याकडे पाहिलं. तुझा चेहरा पांढरा पडला होता. मी कळ लावली, रायफल खाली ठेवली, आणि आपण दोघं कठड्याला टेकून बसलो. ते मला बरं वाटलं. नंतर ते धूड ओढत आणताना मात्र तू जे काही पुटपुटत होतास ते आईने ऐकलं असतं तर तोंड धुवायला लावलं असतं. शेजारच्याने ट्रॅक्टर आणतो म्हटलं तर आपण दोघांनी एकदमच नको म्हटलं, आणि मग दुपारपर्यंत बर्फात बसत-उठत आलो. इतकी हसले नव्हते मी कित्येक महिने.

आता मुद्द्याचं. आज उर्होचा लाल लोकरीचा कोट धुवायला काढला, तू घातला होतास तो. आतल्या खिशात शिकारीचा परवाना सापडला. तुझ्या नावाचा. पाठीला लावायचा नंबराचा कागदही घडी करून तसाच. तारीख चौदा नोव्हेंबर. म्हणजे पाव आणायला जातो म्हणून गेलास आणि दीड तासाने आलास, ते हे. मी मचाणावर तुला तीनदा विचारलं, की तू बसतोस का माझ्या जागी, आणि तीनदा तू म्हणालास, की मी फक्त बघायला आलोय.

मी रागावलेले नाही. तो कागद मी टेबलावर ठेवलाय.

मोसम तीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत आहे. हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. कोट वाळत घातलाय, खाट घातलेली आहे. उत्तर लिहीत बसू नकोस. गाडी काढ.

वाट बघणारी,
तुझी ताई