पेंटरची बायको उमेदवार

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

कानावर आलंच असेल, वॉर्डाच्या निवडणुकीला मी उभी आहे. बाळांचा दवाखाना बंद केल्यापासून तापानं फणफणलेली लेकरं घेऊन आया दोन बस बदलून जातात. तिथे नर्स म्हणून मी केस पिकवले, मला ते बघवत नाही. तो उघडायचा तर महापालिकेच्या सभेत कुणीतरी हट्टानं बसलं पाहिजे.

पण फितुरी घरातच झाली. माझ्या विरोधात उभ्या असलेल्या वखारवाल्याचं चित्र तुझ्या भावोजींनी रंगवायला घेतलंय. चौकातली दुमजली भिंत! गालांना असा गुलाबी रंग दिलाय की तो माणूस तरुणपणीही इतका देखणा नव्हता. जाब विचारला तर म्हणतात, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. माझं चिन्ह, छत्री, एका फळकुटावर उरकलंय. मी अबोला धरलाय.

घरी सगळ्यांना माझी आठवण सांग.
तुझी ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

पत्र वाचून आम्ही दोघं नवराबायको पोट धरून हसलो, रागावू नकोस. तुला बघायला आले तेव्हा आपल्या दाराच्या रंगाला नावं ठेवून गेलेले गृहस्थ ते. त्यांच्याकडून दुसरं काय होणार?

पण एक काळजी वाटते. हरलीस तर दवाखान्याचं खापर जन्मभर त्यांच्या डोक्यावर फोडशील. तेवढं करू नकोस. अबोला असला तरी चहा एकत्र घ्या.

माझा कान धरलास तरी चालेल, माया आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

२० एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

निवडून आल्याचं फोनवर सांगितलं, पण खरी गंमत पत्रासाठी राखून ठेवली होती. निकालाच्या दिवशी वखारवाला स्वतः अभिनंदनाला आला आणि कपाळावर हात मारून म्हणाला की तुमचा प्रचार माझ्याच भिंतीवरून झाला. तुझे भावोजी आठवडाभर शिडीवर होते. चित्र बघायला जो तो थांबे, आणि हे ब्रश चालवता चालवता प्रत्येकाला सांगत, की चित्र यांचं बघा, मत मात्र माझ्या बायकोला द्या, बाळांचा दवाखाना उघडायचाय. नुसत्या मिशांना यांनी अख्खा दिवस लावला. वखारवाला खूश, काम मन लावून चाललंय म्हणून.

मला का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणतात, तू बोलत कुठे होतीस.

काल दवाखाना उघडला. भाषणं चालूच होती, तेवढ्यात रांगेतलं पहिलं बाळ मी वजनाला उचललं आणि त्यानं माझ्या कोऱ्या कपड्यांवर सगळं दूध ओकलं. तुझे भावोजी दारात उभे राहून हसत होते. धाकट्या, मला इतका आनंद झाला की पुसायचंही सुचलं नाही. बाळाला छातीशी धरून तशीच उभी राहिले.

सवडीनं दोघं या, आणि आहे तो लोभ वाढवत राहा.
ताई