घरात कोण आहे

११ डिसेंबर

निघालो एकदाचे. सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं, पण आईने डबे भरता भरता रडायला सुरुवात केली आणि रडता रडता आणखी डबे भरले. गाडीत आता पाय ठेवायला जागा नाही. मागच्या सीटवर माझं शिलाई मशीन आहे, दोन रजयांत गुंडाळून पट्टा लावून बसवलंय. नवरोबा म्हणतो, इतक्या काळजीने तू मला कधी पट्टा लावला नाहीस. मी म्हटलं, तू कधी टीप मारून दिली नाहीस.

ही वही धाकटीने दिली. तिकडे बोलायला कुणी नसेल तेव्हा हिच्याशी बोल, म्हणाली. म्हणून लिहितेय. लिहायची सवय नाही, मापं सोडून काही लिहिलेलंच नाही इतकी वर्षं.

नवरोबाला डोंगरातल्या रस्त्यावर बर्फ हटवायच्या यंत्रावर नोकरी लागली आहे. घरही त्याच रस्त्यावर. तिथे वन्सं राहतात, त्याची मोठी बहीण. तब्येतीमुळे आमच्या लग्नालाही येऊ शकल्या नव्हत्या, मी त्यांना अजून पाहिलेलं नाही. त्यांना एकटं राहवत नाही, आपण तिघं राहू, असं तो म्हणाला तेव्हा मला बरंच वाटलं. बहिणीला जपणारा माणूस बायकोलाही जपतो, असा माझा हिशेब.

शहर संपलं तेव्हा तो शीळ घालत होता. मी मोजे विणत होते.

१२ डिसेंबर

आज बर्फ पाहिला. आधी शेतांच्या बांधावर चिंध्यांसारखा, मग सगळीकडे. कुणीतरी सगळ्या जगावर अस्तराचं कापड घालून ठेवल्यासारखं. दुपारी टायरना साखळ्या लावल्या. नवरोबा गाडीखाली आडवा आणि मी त्याच्या पायांवर छत्री धरून उभी. बोटं इतकी गारठली की त्याने ती स्वतःच्या काखेत धरून ऊब दिली. लग्नाला चार वर्षं झाली आमच्या, तरी मला लाज वाटली. एक ट्रकवाला हसत गेला.

मुक्कामाच्या खोलीत हीटर खडखडतोय. आईच्या डब्यातलं निम्मं आम्ही, निम्मं लॉजच्या मॅनेजरने खाल्लं.

१३ डिसेंबर

एक गोष्ट झाली, ती लिहून टाकते म्हणजे मनात राहणार नाही.

घाटाच्या अलीकडे एका खानावळीत थांबलो. मालकीणबाईंनी माझ्यापुढे साधा गोड चहा ठेवला आणि नवरोबापुढे बिनसाखरेचा. न विचारता. मग त्याला विचारलं, ताई कशी आहे रे. तो या रस्त्याला आयुष्यात पहिल्यांदा येतोय, असं त्याने मला सांगितलं होतं.

गाडीत बसल्यावर तोच बोलला. दर हिवाळ्यात तो ट्रेनिंगला म्हणून जायचा, तो इकडे यायचा. वन्संना भेटायला. मला सांगितलं असतं तर मी काळजी केली असती, म्हणे. त्या ट्रेनिंगसाठी दर वर्षी मी त्याला नवा शर्ट शिवून द्यायचे. साहेबांसमोर चांगलं दिसावं म्हणून कॉलरला दुहेरी कॅनव्हास घालायचे.

रडले थोडी. मग त्याने कान पकडले. बहिणीलाच भेटायला गेला होता ना, दुसऱ्या कुणाला तर नाही. सोडून दिलं.

१४ डिसेंबर

मशीन गेलं.

गॅरेजवाला म्हणाला चढ मोठा आहे, वजन कमी करा. मी तोंड धुवायला गेले होते. परत आले तर मागच्या सीटवर नुसता पट्टा. मशीन गॅरेजच्या कोपऱ्यात, वर रजया. बर्फ वितळला की घेऊन जाऊ, म्हणाला. मी म्हटलं, तुझी हत्यारांची पेटी मशीनहून जड आहे, ती का नाही ठेवलीस. तो म्हणाला, हत्यारं लागतील.

म्हणजे मशीन लागणार नाही.

दिवसभर बोलले नाही. समजूत काढायला त्याला नेहमी पाच मिनिटंही लागत नाहीत. आज त्याने प्रयत्नच केला नाही.

१६ डिसेंबर

पोचलो. घर रस्त्याच्या अगदी कडेला, दगडी, बसकं, पाठीमागे उभा कडा. धुराड्यातून धूर येत होता. वन्सं दारात उभ्या होत्या. मी वाकले तर त्यांनी मला मधेच उचलून धरलं आणि माझे गाल हातात घेतले. किती गोड आहे रे ही, असं त्याला म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. हात गरम, तोंड सुकलेलं. स्वेटरच्या कोपरांवर रफू इतकं बारीक की मला वाटलं, चला, आमचं जमणार. सामान आत घ्यायला त्या उंबऱ्याच्या बाहेर मात्र आल्या नाहीत. पाय दुखत असतील.

आतलं स्वयंपाकघर मला फार आवडलं. मोठी लोखंडी शेगडी, वर पितळी नळाचं टाकं, खिडकीत कांदे टांगलेले. जेवणाचं मेजही तिथेच. मागच्या भिंतीला एक बुटकं हिरवं दार.

जेवण होऊन मी ताटल्या पुसत होते, तेव्हा त्या हिरव्या दारामागून कुणीतरी विचारलं, ‘घरात कोण आहे?’

अगदी साधा आवाज. म्हाताऱ्या माणसासारखा, झोपेतून उठल्यासारखा.

वन्सं बटाटे सोलत होत्या. सुरी न थांबवता म्हणाल्या, ‘मी आहे.’

मी नवरोबाकडे पाहिलं. तो म्हणाला, लांबचे काका आहेत, अंथरुणाला खिळलेले, दुपारी जागे झाले की विचारतात. काका आहेत हे मला आधी का सांगितलं नाही, हे मी विचारलं नाही. विचारायच्या गोष्टी फार साठल्या आहेत.

१७ डिसेंबर

काकांना सूप घेऊन जाते म्हटलं. वन्संनी वाटी माझ्या हातातून घेतली आणि परत भांड्यात ओतली. ते काही खात नाहीत, म्हणाल्या. काहीच नाही? काहीच नाही.

ऊन पडलं होतं म्हणून घराभोवती चक्कर मारली. स्वयंपाकघराची खिडकी सापडली, कांदे दिसले. मग मागची भिंत. तिला लागूनच कडा आहे, मध्ये हातही जात नाही. मी चाचपून पाहिलं, सगळा दगड आणि बर्फ.

हिरव्या दारामागे खोली नाही. खोलीला जागाच नाही.

आत आले तर दोघं बहीणभाऊ हळू बोलत होते. मला बघून थांबले. दुपारी आवाज आला, वन्संनी उत्तर दिलं. माझ्या हातातून बशी पडली. नवऱ्याने तुकडे गोळा केले आणि म्हणाला, तुला विश्रांतीची गरज आहे.

१८ डिसेंबर

नीट लिहिते, नीट लिहिलं पाहिजे.

सकाळी वन्संच्या गळ्याला पट्टी होती. घसा बसलाय, आवाज फुटत नाही, असं त्याने सांगितलं. आज तू उत्तर दे, म्हणाला. मी नाही म्हटलं. मागे खोली नाही, मी पाहिलंय, असंही म्हटलं. त्याने ते खोडून काढलं नाही. नुसता माझा हात हातात घेतला. दोन शब्द तर आहेत, म्हणाला, नंतर सगळं सांगतो.

दुपारी आवाज आला. घरात कोण आहे? मी ओठ घट्ट मिटले. परत आला. हिरवं दार चौकटीत जरासं हललं. वन्संचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खाली बसून माझे पाय धरले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई, माझे पाय धरून बसलेली. मला ते बघवलं नाही.

मी म्हटलं, मी आहे.

आतून आवाज आला, ‘बरं.’

वन्संच्या उत्तराला कधी ‘बरं’ आलं नव्हतं. वन्सं उठल्या, दाराशी गेल्या, उंबरा ओलांडला. तशाच अनवाणी बर्फात. रस्त्यापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. घसा बसलेली बाई मोठमोठ्याने हसत होती.

तो गाडीत सामान टाकत होता. वन्संचं सामान. ते बांधूनच ठेवलेलं होतं.

मी त्याची बाही धरली. मला काय करून ठेवलंस, विचारलं. त्याने मान वर केली नाही.

‘ती माझी बहीण आहे,’ म्हणाला.

‘आणि मी?’

‘तुला मी शोधून आणलं. बहीण कुठून शोधून आणू?’

रडत होता. रडत रडतच इंजिन चालू केलं.

जाण्याआधी वन्सं खिडकीशी आल्या आणि भरभर सांगितलं. त्यांना त्यांच्या आईने आणलं होतं, असंच, घर दाखवायला. रोज उत्तर द्यायचं. दिलं नाही तर ते बाहेर येतं आणि आपलं माणूस शोधायला निघतं. लांब जायचा प्रयत्न करू नकोस, म्हणाल्या. किराणा गाडीवाला दर महिन्याला दारात ठेवून जातो. मला माफ कर, असंही म्हणाल्या. त्यांनी मी विणलेले मोजे घातले होते. त्याच्यासाठी विणले होते मी ते.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते आज कळलं. चार वर्षं तो मला जपत होता. जिन्नस जपतात तसं.

१९ डिसेंबर

निघाले होते. फाटकापाशी आईचा चेहरा आठवेना. नुसते डबे आठवत होते, ते भरणारे हात नाहीत. वळणापर्यंत गेले तेव्हा माझं नाव गेलं. मी कोण, कुठली, या बर्फात का उभी, काही कळेना. बाईचे बूट दिसत होते, ते माझे आहेत हे कळेना. मागे धूर दिसला म्हणून त्या दिशेला चालत राहिले.

उंबरा ओलांडला आणि सगळं परत आलं. त्याच्या काखेतली ऊबसुद्धा. ती नसती आली तर बरं झालं असतं.

दुपारी विचारलं. उत्तर दिलं.

२० डिसेंबर

उत्तर दिलं.

आवाज आज जास्त जवळ. दाराला लागून बसल्यासारखा. मला वाटतं त्याला मी नवीन आहे हे कळतं. उत्तर दिल्यावर तो थोडा वेळ वास घेतो.

माझ्या जागी कुणाला आणू? आज मनात धाकटी आली. एक क्षणच. तिला घर बघायला बोलवावं, असं — मी तोंडात पदर कोंबून ओरडले. म्हणजे हे असं होतं. त्यांच्या आईचं असंच झालं. त्याचंही.

मी नाही आणणार. कुणालाच नाही.

२१ डिसेंबर

वादळ. खिडक्या पांढऱ्या.

आपलं माणूस शोधायला निघतं, म्हणाल्या होत्या. आपलं म्हणजे कोण? मी इथे आलेली पाच दिवसांची. त्या इथे म्हाताऱ्या झाल्या. उद्या मी बोललेच नाही तर ते कुणाला शोधेल?

दोघं अजून रस्त्यावरच असतील. या वादळात पुढे जाता येणार नाही. खानावळीत थांबले असतील. तो बिनसाखरेचा चहा पीत असेल.

उत्तर दिलं आज. देताना दातओठ खात दिलं.

२२ डिसेंबर

नाही दिलं.

विचारलं. गप्प बसले. परत विचारलं. मी मेजाखाली, गुडघे छातीशी. तिसऱ्यांदा नाही विचारलं.

हिरवं दार उघडलं. पाय दिसले नाहीत. लाद्या ओल्या होत गेल्या, एकेक, माझ्याकडे — मेजापाशी थांबलं. वाकलं असावं. कांद्यांच्या माळा हलल्या. मी श्वास धरला. माझ्या केसांवरून काहीतरी फिरलं, माप घेतल्यासारखं.

मग पुढे गेलं. बाहेरचं दार आपोआप उघडलं आणि वादळ आत आलं.

दारातून पाहिलं. बर्फात खड्डे पडत गेले, रस्त्याने खाली. ते गेले होते त्या बाजूला.

मी हसले. मग उलटी झाली.

घर रिकामं आहे आता. हिरव्या दारामागे नुसता दगड.

२३ डिसेंबर, सकाळ

वादळ थांबत नाही. ते थांबलं की निघेन. आता कदाचित नाव जाणार नाही. तीन वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं, आहे अजून.

रात्रभर डोळ्यांसमोर त्याचा हात. साखळ्या लावताना काळा झालेला. मी काय केलं? त्याने मला दिलं, मी त्याला —

पण त्याने आधी.

दुपार

कुणीतरी दार वाजवतंय. बाहेरचं.

त्याचा आवाज. त्याचाच. नाव घेऊन हाक मारतोय. चुकलो म्हणतोय. गाडी खाली अडकली, ताई गेली, मी तुला न्यायला आलोय, दार उघड, फार थंडी वाजते.

गाडी अडकली तर चालत आला असेल. येऊ शकतो. खरंच पस्तावला असेल तर येऊ शकतो ना माणूस.

खिडकीतून पाहिलं. तो उभा आहे. कोट त्याचा. कॉलर मी शिवलेली, दुहेरी कॅनव्हासची. मान खाली घातलेली, चेहरा दिसत नाही.

रस्त्यावर फक्त खाली गेलेले खड्डे. वर आलेलं काही —

वादळात बुजले असतील. बुजतात.

रडतोय. इतकी वर्षं ऐकलंय मी ते रडणं, मला कळणार नाही का. म्हणतोय, घरात कोण आहे ते सांग तरी, मग उघड.

असं तो कधी —

पण हात निळे पडलेत त्याचे. मी नाही उघडलं तर त्याच्यासारखीच होईन मी. कडी काढते आणि नुसतं विचा