खिसा नसलेला गाऊन

नांदूरघाट, ता. २ मे २०२०

चि. सुमेधा हिस नानांचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर तू दमलेली ऐकू येतेस, पत्रात हसतेस; म्हणून कागदच बरा. तुम्ही नर्स मुली कोविडच्या पेशंटजवळ रेनकोट घालून जाता, हे कळल्यापासून तुझ्या आईला घास गोड लागेना. तुम्ही पाठवलेल्या कापडाचे वीस गाऊन आपल्या महिला शिवण सहकारी संस्थेने शिवले. दूध संस्थेच्या टेम्पोचा ड्रायव्हर उत्तरेश्वर ते आणून देईल. प्रत्येकाला छातीशी खिसा लावायला मीच सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना खायला मिळालेली सुकडीची भुकटी मी खिशातच तर जपायचो! तुझ्या खिशात चौथीतली चिमणीची कविता ठेवलीय. हसू नकोस.

जिवाला जप.
तुझे नाना

केज, ता. ४ मे

ती. नानांस सा. जयभीम.

वि. वि. रागावू नका, गाऊन परत पाठवतेय. कुणीच अंगात घातलेले नाहीत, आईला सांगा. खिशात हात सवयीनं जातोच, अन् लागण तिथंच साठते. नुसते उसवून भागणार नाही. सुईच्या भोकांतून ओल शिरते. पुढचा भागच बदलावा लागेल, कापड सोबत आहे. माझ्या जोडीची भामाबाई परवा पॉझिटिव्ह आली, म्हणून घाई.

चिठ्ठी वॉर्डात नेता येत नाही. पण कविता पाठ आहे ना! साबण लावला की म्हणते. दोन कडव्यांत चाळीस सेकंद बरोबर भरतात. तेवढा वेळ नळ बंद, टँकरच्या गावची लेक मी! आता सगळ्याजणी म्हणतात.

माया अशीच राहू द्या.
सुमेधा

नांदूरघाट, ता. ७ मे

चि. सुमेधा हिस आशीर्वाद.

वि. वि. फोनवरच्या तुझ्या हुकमाप्रमाणे पत्र दिवसभर उन्हात ठेवून वाचलं. संस्थेत जाऊन चूक कबूल केली. छबुबाई म्हणाली, मास्तर, तुमी कविता शिकवा, आमाला शिवण नका शिकवू. पण दोन दिवस मशिनीवरून उठली नाही बिचारी. गाऊन पाठवलेत, खिसा नाही, बंद पाठीमागं. तिचे उपकार कसे फेडू?

तिसऱ्या कडव्याला तू नेहमी अडखळायचीस. ते माझ्यासमोर म्हणायला ये.

वाट पाहणारे
नाना

केज, ता. ३० मे

ती. नानांस सा. जयभीम.

वि. वि. भामाबाई बरी होऊन कामावर आली. गाऊन आल्यापासून आमच्यातली एकही आजारी पडली नाही. सगळ्यांनी छबुबाईला जयभीम, नमस्कार, सलाम कळवलाय. माझी कोविड वॉर्डातली पाळी संपली. चौदा दिवस वेगळी राहून घरी येते.

तिसरं कडवं अंगणातूनच म्हणेन. अडखळले तर लगेच सांगू नका, थोडं थांबा.

तुमची
सुमेधा